आणि एक, नऊ हजारावर

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! मी, आई, अकरा खोकी, आणि आईचं ते लोखंडी शिलाई मशीन, जे सोडून यायला ती काही केल्या तयार नव्हती.

क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एवढीशी गॅलरी. गॅलरीतून उतरणाऱ्या विमानांची पोटं दिसतात. अक्षरशः पोटं. चाकं बाहेर, दिवे लावलेले, दर दोन मिनिटांनी एक. आईने ओळीने चौदा मोजली आणि विचारलं की यांच्यात धक्काबुक्की कशी होत नाही. मी म्हटलं, ती होऊ नये म्हणूनच मला पगार मिळतो. तर म्हणाली, म्हणजे गुरं वळायची नोकरी, शाळा उगाच शिकवली तुला. संध्याकाळपर्यंत तिने खालच्या मजल्यावरच्या बाईंना, पाणी सोडणाऱ्याला आणि दुधाच्या दुकानात सांगून टाकलं होतं की माझी मुलगी विमानं वळते.

चार वर्षं मी अशा विमानतळावर काढली जिथे दिवसाला नऊ विमानं यायची आणि त्यातलं एक हमखास रद्द व्हायचं. इथे तासाला चाळीस. मला आनंदाने झोप येत नाहीये. ही वही त्याचसाठी घेतली. सगळं पहिल्यापासून लिहून ठेवणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रडारची खोली. खिडकी एकही नाही. दिवे मंद, एसी इतका कडक की सगळे स्वेटर घालून बसलेले, खुर्च्यांच्या पाठीवर शाली. चार टेबलं. प्रत्येक टेबलावर गोल पडदा, पडद्यावर हिरवे ठिपके, ठिपक्याशेजारी विमानाचं नाव आणि उंची. पडद्याच्या बाजूला एक उतरतं फळकूट, त्यात कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या. एका विमानाची एक पट्टी. विमान आपल्या हद्दीत आलं की पट्टी वर खोचायची, गेलं की काढून खालच्या डब्यात टाकायची. सगळ्या जगाने पट्ट्या सोडल्या, आमच्याकडे अजून आहेत. दीड महिन्याने हेही संपणार. सगळं काम नव्या केंद्रात जाणार, तिथे सगळं संगणकावर.

नियम तोच, जो झोपेतून उठवून विचारला तरी मी सांगेन. दोन विमानांमध्ये आडवं तीन मैल अंतर, नाहीतर उभं हजार फूट. दोन्हीपैकी एक तरी हवंच. दोन्ही तुटलं तर विमानातलं यंत्र ओरडतं, पायलटला चढा किंवा उतरा सांगतं, आणि मग तो आपलं ऐकत नाही, यंत्राचं ऐकतो. आमच्या धंद्यात ते ओरडणं म्हणजे नाक कापलं जाणं.

मला शिकवायला मावशी आहेत. सगळे त्यांना मावशीच म्हणतात, साहेबसुद्धा. सत्तावीस वर्षं नोकरी, महिनाअखेरीला रिटायर. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात विणकाम. एका हाताने अकरा विमानं सांभाळतात आणि मधेच टाका चुकला की शिवी देतात. मला म्हणाल्या, पोरी, इथे हुशारी दाखवायची नाही, फक्त मोजायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

इथली ड्युटी सोपवायची पद्धत मला फार आवडली. घेणारा आधी दहा मिनिटं मागे उभा राहून नुसतं बघतो. मग सोडणारा एकेक पट्टी बोटाने दाखवत सगळं म्हणून दाखवतो: हे इतक्या उंचीवर, हे याच्या मागे, हे वळतंय. घेणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चित्र आलं की तो म्हणतो, मिळालं. त्या शब्दानंतर सगळं त्याचं. सोडणारा उठतो आणि खरंच, त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलेलं दिसतं.

आज मी पहिल्यांदा तीन नंबरचं टेबल घेतलं. मावशींनी नऊ विमानं म्हणून दाखवली. मग फळकुटाच्या अगदी वरच्या खाचेतली पट्टी दाखवली. पट्टी कोरी होती. नाव नाही, कुठून आलं ते नाही. फक्त उंची, नऊ हजार, आणि शेवटच्या रकान्यात एक वेळ. मावशी म्हणाल्या, आणि एक, नऊ हजारावर, आग्नेयेला, चकरा मारतंय.

पडद्यावर तिथे काही नव्हतं. मला वाटलं नव्या माणसाची चेष्टा चाललीय. मी हसले. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. बाकीच्या तिन्ही टेबलांवरचे सगळे पाठमोरे आणि सगळे कान देऊन. मावशी माझ्याकडे बघतच नव्हत्या. मला वाटलं आपल्यालाच दिसत नाहीये काहीतरी, पहिल्याच आठवड्यात कशाला शोभा.

मी म्हटलं, मिळालं.

९ फेब्रुवारी, सोमवार

हे कसं लिहू. ते आहे.

दिसत नाही. पण मिळालं म्हटलं की काही मिनिटांनी कळायला लागतं ते कुठे आहे. आपला हात पाठीमागे असला तरी तो कुठे आहे ते जसं कळतं तसं. नऊ हजार फुटांवर, डावीकडे वळत, लांबट चकरा. मी बाकीची विमानं त्याच्यापासून तीन मैल लांबून नेते. ठरवून नाही, हात आपोआप तसंच सांगतात. आणि ड्युटी सोपवून पुढचा माणूस मिळालं म्हणाला की ते जातं. चपलेतला खडा निघाल्यासारखं.

आणखी एक. दर ड्युटीला त्याला पुढची वेळ द्यावी लागते. विमानाला चकरा मारत थांबवलं की एक वेळ द्यायची असते. रेडिओ बंद पडला तर त्याने त्या वेळेपर्यंत थांबायचं आणि मग कुणाचीही वाट न बघता खाली यायचं, असा नियम आहे. पट्टीवर ती वेळ असते, आपण माइकवर नवी सांगायची आणि खोडून लिहायची. आज मी सांगितली. उत्तरादाखल हेडसेटमध्ये दोनदा टकटक झालं. घाईत असलेले पायलट शब्दांऐवजी बटण दोनदा दाबतात, तसं.

आईने विचारलं, चेहरा का उतरलाय. म्हटलं एसी बाधला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी मूर्खपणा केला.

मला सिद्ध करायचं होतं की हा सगळ्यांचा मिळून झालेला भ्रम आहे. एक मोठं विमान नऊ हजारावरून येत होतं, त्याला मी वळवलं नाही. सरळ जाऊ दिलं, त्या जागेतून. टेबलाची कड धरून बसले. दीड मैलावर पायलटचा आवाज आला, यंत्र ओरडतंय, चढतोय. सातशे फूट चढला. नंतर चिडून विचारलं, ते काय होतं, माझ्या पडद्यावर तर काहीच नाही. दोन हवाईसुंदऱ्या छताला आपटल्या, एकीचा खांदा निखळला.

साहेबांनी अहवालात यंत्रातला बिघाड असं लिहिलं. मला ओरडले नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाले, प्रत्येक जण एकदा करून बघतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कँटीनमध्ये मावशींना गाठलंच. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, चहा गार होऊ दिला, आणि सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी धुळीचं वादळ आलं, रनवे दिसेना, सगळी विमानं वर चकरा मारत थांबवलेली. तीन नंबरवर तेव्हाचे सर्वांत अनुभवी गृहस्थ होते, सहा तास उठले नव्हते. मावशी त्यांची ड्युटी घ्यायला उभ्या राहिल्या. त्यांनी बारा विमानं म्हणून दाखवली आणि म्हणाले, आणि एक, नऊ हजारावर. मावशींनी पट्ट्या मोजल्या. बाराच. पडद्यावर मोजली. बाराच. तो माणूस थकला होता, मोजणी चुकली होती, इतकंच. जिथे काही नव्हतं तिथे तासभर जागा सोडून बसला होता. आता यात चूक म्हणावी तर काय? आमच्यात जागा कमी सोडली तर गुन्हा, जास्त सोडली तर कुणी विचारत नाही.

मावशींनी फक्त विचारायचं होतं, कुठलं एक? पण खोली भरलेली, मावशी त्या टेबलावरच्या पहिल्या बाई, आणि आदल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं होतं की बायकांच्या डोक्यात एवढं चित्र मावत नाही. त्या म्हणाल्या, मिळालं.

आणि मग मिळालं.

पुढच्याला सोपवताना त्यांना लाज वाटली. मघाशी घेतलं ते नव्हतंच असं आता कसं सांगायचं? त्यांनी कोरी पट्टी खोचली आणि म्हटलं, आणि एक. त्यानेही खोलीकडे बघितलं आणि घेतलं. मावशी म्हणाल्या, पोरी, ते कुठून आलं नाही गं, आम्ही ते एकमेकांच्या हातांनी वाढवलं.

मी म्हटलं, शंभर वर्षांनंतरची वेळ देऊन टाका की. तर हसल्या. आमच्या वेळेला चार आकडे असतात, तास आणि मिनिटं. तारीख नसते. जास्तीत जास्त उद्याची हीच वेळ देता येते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेटवर गाड्यांचे पास देणारा एक माणूस आहे. जिन्यात कुणी समोरून आलं की भिंतीला पाठ लावून उभा राहतो, जणू समोरून काहीतरी फार रुंद येतंय. मी त्याला तिरसट समजत होते. तो सहा वर्षांपूर्वीपर्यंत तीन नंबरवर होता.

मावशींनी सांगितलं ते असं. एका सकाळी त्याने हा वेडेपणा बंद करतो म्हणून कोऱ्या पट्टीवर उतरलं असं लिहिलं, पट्टी डब्यात टाकली आणि पुढच्याला सोपवलीच नाही. घरी गेला. संध्याकाळी पाच दहाला दिलेली वेळ संपली आणि ते खाली आलं. रनवेवर आलं नाही. ज्याच्याकडे असतं त्याच्याकडे येतं. तो खालच्या खोलीत होता. बायको वर गच्चीत कपडे काढत होती.

डॉक्टरांनी तिचं हृदय बंद पडलं असं लिहिलं. शेजाऱ्यांना काही दिसलं नाही, आवाज नाही. फक्त दोरीवरचे ओले कपडे एका क्षणात वाळले होते आणि त्यांना विमानाच्या तेलाचा वास येत होता.

तो तसाच अनवाणी पळत इथे आला, माइक हिसकावला आणि त्याला परत वर जा म्हणाला. दोनदा टकटक झालं. ते गेलं, नऊ हजारावर. मग त्याने ते पुढच्याला सोपवलं, आणि परत कधी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही.

आज त्याच्या खिडकीवरून जाताना मी मान वर केली नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशी रिटायर झाल्या. हार, नारळाच्या वड्यांसारखं काहीतरी गोड, साहेबांचं भाषण. मला त्यांनी स्वतः विणलेला स्वेटर दिला. मिठी मारली ती सोडेचनात. कानात काहीतरी म्हणाल्या, मला नीट कळलं नाही. माफी मागितल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी शेवटच्या आठवड्याचं रोस्टर लागलं.

नवं केंद्र १४ मार्चला दुपारी दोनला सुरू होतं. तीन नंबरचं टेबल नव्या केंद्रात नाहीच. त्याची हद्द तीन तुकड्यांत वाटून टाकलीय. त्याची रेडिओ फ्रिक्वेन्सी कायमची बंद. चौदा तारखेला तीन नंबरवर शेवटचे दोन तास: मी. पुढच्या रकान्यात आडवी रेघ.

२ मार्च, सोमवार

साहेबांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, त्यांना स्वतःला दोन लहान मुलं आहेत. चार नंबरवाल्याची बायको आजारी आहे. दोन नंबरवाल्याचे आईवडील दोघेही अंथरुणावर. सगळ्यांना काही ना काही आहे. मी म्हटलं मला आई आहे. त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून फिरवली. म्हणाले, मला वाटलं होतं तू एकटीच आहेस, अर्जात तसंच दिसत होतं.

दीड महिन्यासाठी मला बढती देऊन का आणलं, ते मी इतके दिवस विचारलंच नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

आईला मामाकडे जा म्हटलं. दोन आठवडे, हवापालट. तर म्हणाली, मामाकडची हवा मला माहितीय, मामी दर दहा मिनिटांनी ती तापवते. मी ओरडले. ती ओरडली नाही. माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, आधी जेव, मग हाकल मला.

जेवण जात नाही.

१० मार्च, मंगळवार

मावशींच्या घरी गेले. दार किलकिलं उघडलं. खांद्यावर नातू झोपलेला, दोन-तीन महिन्यांचा. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. म्हणाल्या, चौदा तारखेला येऊन तू म्हणून दाखवलंस तर मी नाही म्हणणार नाही, ते माझंच आहे. आणि खरंच डोळे मिटून उभ्या राहिल्या. पोरगं झोपेत ओठ हलवत होतं.

मी विचारलं, नातवाचं नाव काय ठेवलं. त्यांनी सांगितलं. मी छान आहे म्हटलं आणि जिना उतरले. मागे त्यांच्या रडण्याचा आवाज आला. सुटकेचा होता. मला राग नाही आला, तेवढी ताकद नव्हती.

पासवाल्याकडेही गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याने खिडकी लावली. काचेतून दिसत होता, दोन्ही कानांवर हात.

१४ मार्च, शनिवार

सगळं लिहिते. क्रमाने.

बाराला टेबल घेतलं. एक नंबरवाल्याने शेवटचं म्हणून दाखवलं, माझ्याकडे न बघता. मी मिळालं म्हटलं. तो उठला आणि बाहेर जाऊन भडाभडा ओकला.

पावणेदोनला नव्या केंद्राला फोनवरून विमानं सोपवायला सुरुवात केली. पलीकडे एक तरुण मुलगा होता, आवाज स्वच्छ. सात विमानं म्हणून दाखवली. प्रत्येकाला मिळालं म्हणाला. मग मी म्हटलं, आणि एक, नऊ हजारावर. मला वाटलं एवढा एक शब्द म्हण रे बाबा. तो थांबला. टाइप केल्याचा आवाज आला. म्हणाला, असं कुठलंच विमान सिस्टममध्ये नाही, घेता येणार नाही. मी परत सांगितलं. अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम, नसलेलं विमान मी कसं घेऊ?

बरोबर उत्तर. अकरा वर्षांपूर्वी मावशींनी हेच म्हणायचं होतं.

१३:५५ ला मी माइकवर शेवटची वेळ दिली. तेरा चोपन्न. उद्याची. दोनदा टकटक. मग दोन वाजता कुणीतरी मागे जाऊन बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक होता.

विमानतळाच्या अग्निशामक दलातल्या एकाकडून हातातला रेडिओ मागून घेतला. त्या फ्रिक्वेन्सीवर लावून तासभर त्याला हाका मारल्या. टकटक नाही.

घरी आले. ते आहे. आग्नेयेला. बावीस मैल. चकरा. घरात बसूनही. भाजी चिरतानाही. आता वळलं. आता सरळ. आता परत वळलं.

१५ मार्च, रविवार

११:१०

ठरलं. शहराबाहेर एक दगडाची बंद खाण आहे. इथून चौदा मैल. बसने शेवटपर्यंत, मग चालत. आजूबाजूला माणूस नाही. आईपासून चौदा मैल, म्हणजे नियमापेक्षा कितीतरी जास्त. आईला सांगितलं, ऑफिसची सहल आहे. म्हणाली, मग चांगला ड्रेस घाल.

ड्युटी सोडताना म्हणतात तसं एकदा लिहून टाकते, सवयीने.

विमान: एक. उंची नऊ हजार. जागा आग्नेयेला, बावीस मैल, डावीकडे चकरा. वेग दोनशे दहा. वेळ तेरा चोपन्न. फ्रिक्वेन्सी बंद, सूचना देता येत नाही. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे येतं. घेणारं: कुणी नाही.

वही इथे टेबलावर ठेवून जातेय. मी आले नाही तर आईला कधीतरी कळायला हवं की मी तिला टाकून गेले नव्हते.

१३:२१

बसमध्ये होते. नववा की दहावा स्टॉप. खिडकीशी. आणि ते गेलं.

नुसतं गेलं. डोक्यातून. जागा रिकामी. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले, शेजारची बाई बघायला लागली. मला वाटलं सुटले, संपलं, फ्रिक्वेन्सी गेली तसं तेही विरलं. दोन स्टॉप मी खूश होते. हे लिहायलाच हवं. दोन स्टॉप.

मग आठवलं की ते जातं कसं.

रिक्षा, मग पळत, मग जिने. आई गॅलरीत खुर्चीवर. चष्मा लावून. मांडीवर ही वही.

१३:२९

म्हणते, दुसऱ्याची वही वाचू नये हे तिला कळतं. पण पोरगी आठ दिवस जेवत नाही आणि सहलीला जाताना पाया पडते, तर आई काय दगड आहे? सगळं वाचलं. शेवटी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. घेणारं: कुणी नाही. आणि म्हणाली, मिळालं.

इतकंच. खोलीत कुणी नव्हतं, तिच्याकडे बघायलाही.

म्हणते, एवढं काही अवघड नाहीये गं. अंगणात खेळणारं पोर न बघताही कुठे आहे ते कळतं ना, तसंच.

१३:३४

परत दे म्हटलं. हात जोडले. म्हटलं, म्हणून दाखव फक्त, कुठे आहे ते सांग, मी मिळालं म्हणते. तोंड घट्ट मिटून बसलीय. म्हणते, मी अडाणी, मला सोपवायची पद्धत येत नाही. खोटारडी. सगळं वाचलंय तिने.

मी नुसतंच मिळालं म्हटलं. मिळालं मिळालं मिळालं. काही नाही. डोक्यात काही नाही. मला ते कुठे आहे ते कळत नाहीये. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते अशा माणसाकडे आहे ज्याला ते पुढे द्यायचंच नाहीये

१३:४०

मला जा म्हणते. आडवं तीन मैल, तुझाच नियम, पळ. शाळेत पहिली यायचीस. मी नाही म्हटलं. तर म्हणते, मग हजार फूट खाली खणून बस.

हसली.

मी तिला ओढलं. खुर्चीसकट. हलत नाही. म्हणते, कुठेही नेलंस तरी माझ्याकडेच येणार ना, मग जिने कशाला उतरवतेस, गुडघे दुखतात.

१३:४७

मावशींना फोन. बंद.

साहेब. उचलत नाहीत.

खाली रस्त्यावर माणसं आहेत. खालच्या बाईंची मुलं जिन्यात. ओरडून सांगितलं लांब जा. वर बघून हात हलवतात.

१३:५१

आईची मान हळूहळू फिरायची, चकरेबरोबर. आता फिरत नाही. एकाच दिशेला. मी विचारलं. म्हणते वळायचं थांबलं. वेळ व्हायच्या आधीच —

म्हणते तुझं घड्याळ मागे आहे.

हाताला सवय आहे म्हणून लिहितेय. नाही लिहिलं तर —

म्हणते सहा मैल. मी म्हटलं नको सांगू. नाही, सांग, सांग, सगळं सांग, उंची सांग. उंची सांगत नाही. उंची सांगितली की चित्र पूर्ण होईल म्हणून —

तिला सगळं कळतं

विमानं उतरतायत. नेहमीची. एक गेलं. चाकं दिसली. त्याच्या मागे जागा. खूप जागा. कुणी सोडली एवढी जागा, नव्या केंद्रात तर ते विमानच नाही —

तीन मैल म्हणते. जा म्हणते.

नाही जात. तिचा हात धरलाय. उजव्याने लिहिते डाव्याने धरलाय

आवाज नाही. काहीच आवाज नाही. शिलाई मशीनचं चाक आपोआप —

आई वर बघतेय. ओळखीचं कुणी दारात आल्यासारखं

एक मैल म्हणते

हात सोड म्हणते, सोड बाळा, हात सो